पातोळ्या बघून रडलेली बाई

हळदीचं पान वाफेवर शिजायला लागलं, की त्या वासानं मला बदलापूरची ती बाई आठवते, सासरी गौरीला आलेली. गावच्या गौरी बघायला गाडीतनं पाहुणे आले होते, त्यातली ती, आमच्या चुलीपाशी आली, पानावरच्या पातोळ्या बघितल्या आणि रडायलाच लागली, "माझी आई अश्शाच करायची हो!" सासू एकदम खूष, तिला पाट दिला, ती पातोळ्या थापायलाच बसली, तशी सासू मला म्हणते, "बघ गं, ताई किती पातळ थापतात, शिक जरा." मी उल्हासनगरच्या कॅम्पातली, माझी आई सणालापण कारखान्याच्या जीन्सला बटणं लावायची, मला काय आठवून रडू येणार? मी नुसती जळत उभी आणि पोरगं कडेवर किंचाळतंय. "दे गं इकडे," म्हणून त्या बाईनं घेतलं, तिच्या आईचं कुठलंसं गाणं गुणगुणली, तर ते झोपलंच की! मला वाटलं, आता हे माझ्याकडं येतच नाही. "द्या माझं पोर," म्हणून मी ओढूनच घेतलं, ते उठून बोंबलायला लागलं, सासू ओरडली, "अगं येडे, झोपलं होतं ना ते!" झोपलं होतं तर होतं. आता तो शाळेत जातो, पण मला अजून तेच वाटतं, मोठेपणी कधी त्याला कुणाच्या आठवणीनं रडू आलं, तर ते माझ्याच आठवणीनं यावं.