सरांनी निवडलेला लॅपटॉप

आमच्या टायपिंगवाल्या सरांच्या लक्षात चेहरे राहत नसत. भैंशाजवळच्या मुधोळच्या बाजारात समोर आलेल्या विद्यार्थ्याकडे ते भिंतीकडे पाहावं तसे पाहत. मग विद्यार्थी जवळच्या टपरीच्या पत्र्यावर दहा बोटं वाजवून दाखवी, आणि सर हसत. "अरे, तू होय. डाव्या करंगळीवाला. बरा हायेस ना?" ओळख पटावी म्हणून माझ्या वडिलांनीही एकदा पत्रा वाजवला. सर नम्रपणे म्हणाले, "माफ करा, ही बोटं माह्या हाताखालून गेली नाईत."

आठवीतच माझी शाळा सुटली होती. मार्कांचा मेमो, म्हणजे गुणपत्रिका, नसलेल्याला कुठल्याही क्लासच्या दारात उभं करत नसत. सरांनी मेमो मागितलाच नाही, फक्त माझी बोटं एकेक करून वाकवून पाहिली. बियाण्यांच्या दुकानावरच्या त्यांच्या क्लासच्या खोलीत टायपिंगच्या सात मशिनी होत्या. शिकवताना सर आमच्या हातांवर टॉवेल टाकत आणि म्हणत, "डोये लबाड असते बाबू. बोटाले इचार." दर शुक्रवारी ते प्रत्येक मशीनला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देत. एकदा हात लागलाच आहे म्हणून भिंतीवरच्या घड्याळालाही दिला. तेव्हापासून ते घड्याळ पुढे पळे, आणि सर गावातल्या इतर घड्याळांना आळशी म्हणत.

या टायपिंगच्या जोरावर मी भैंशाच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो. तिथे कॉम्प्युटर आला, त्याच्यासोबत एक जाडजूड पुस्तक आलं, आणि ते पुस्तक माझ्याशिवाय कुणी उघडलं नाही. दोन वर्षांत मी वजनकाट्याच्या पावतीचा प्रोग्रॅम लिहू लागलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जिनिंगांना प्रोग्रॅम पुरवणाऱ्या हैदराबादच्या एका साहेबांनी निरोप धाडला : सोमवारी या, पण लॅपटॉप स्वतःचा आणा, गावोगाव फिरावं लागेल. घरच्या कापसाचे सगळे पैसे त्यात जाणार होते. नोकरी नाही मिळाली, तर लॅपटॉप घेऊन कपाशीच्या शेतात बसायचं, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येई.

मी चार जाणत्यांना विचारून यादी केली : मेमरी किती, डिस्क केवढी, प्रोसेसर कुठला. सरांनी यादी वाचली आणि घडी करून मला परत दिली. "मशीन घ्याले चालला, आन् मले नेत नाईस? काऊन?"

हैदराबादच्या एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानात सरांनी तीन मशिनी ओळीने मांडायला लावल्या. मग पिशवीतून टॉवेल काढला, पहिल्या मशीनवर टाकला आणि आत हात घालून टाइप करू लागले.

"चाचा, चालू तो करने दो," दुकानदार म्हणाला.

"चालू करके तो कोई भी अच्छा दिखता," सर म्हणाले.

पहिलं चकचकीत होतं, पडदा रंगीत. सरांनी पाच मिनिटांत हात बाहेर काढला. "पुरणपोयीवर बोटं मारल्यागत लागते." दुसऱ्याच्या कळा इतक्या बारीक होत्या, की सरांनी ते मांजरासाठी बरं आहे असं सांगितलं. तिसरं जाड, काळं, जातं उचलावं तसं उचलावं लागणारं. त्यावर सर अर्धा तास टायपत राहिले. गिऱ्हाइकं जमली. शेवटी सरांनी ते उलटं करून झटकलं, तेव्हा चार जिऱ्याचे दाणे आणि भाताचं एक वाळलेलं शीत पडलं.

"हे घे," सर म्हणाले. "याचा मालक जागचा उठत नव्हता. जेवणबी इथंच. कामाची मशीन हाये."

"सर, पण याची मेमरी यादीपेक्षा कमी आहे."

"मेमरी मागून भरता येते काय हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. येते, तो म्हणाला. डिस्क? तीही बदलता येते. कळा? त्या नाही बदलत, तो म्हणाला.

"मंग झालं. मागून बदलता येते ते मागून पाह्यचं. दिवसभर बोटाखाली राह्यते ते आधी."

एवढं बोलून त्यांनी तेलाची कुपी काढली. मी आणि दुकानदाराने त्यांचा एकेक हात धरला. सर दुखावले. उपाशी मशीन घेऊन आम्ही निघालो.

सोमवारी साहेबांकडे सरही आले. साहेबांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पढ़ाई कहाँ तक?" माझ्या तोंडून 'आठवी' इतकं हळू निघालं, की मला दोनदा सांगावं लागलं. साहेबांनी फाईल मिटली. कुणाचं तरी सर्टिफिकेट हवं, म्हणाले.

"एवढंच ना?" सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि इंग्रजीत खडाखडा टायपलं. अर्थ असा होता : सदर इसम माझ्याकडे तीन वर्षे शिकला. चुका करतो, परंतु लपवत नाही. मग कागद कुठून निघतो म्हणून त्यांनी मशीनच्या चारही बाजू पाहिल्या. कागद निघत नाही असं मी सांगितलं. सही-शिक्क्याशिवाय मजकूर खरा कसा होणार? त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि पडद्यावरच, मजकुराच्या खाली, सही केली. काचेत पाण्यासारखे तरंग उठले. मग पिशवीतून इन्स्टिट्यूटचा गोल शिक्का आणि शाईचं पॅड निघालं. जांभळा शिक्का सहीशेजारी दाबून बसवून सरांनी लॅपटॉप साहेबांपुढे सरकवला.

साहेबांनी तो पडदा शिक्क्यापर्यंत वाचला. हसले नाहीत. "बैठो," मला म्हणाले, "पावती का प्रोग्रॅम बनाके दिखाओ."

सर्टिफिकेटाचा मजकूर पुसून मी त्याच जागी प्रोग्रॅम लिहिला. संध्याकाळपर्यंत तो चालू झाला. साहेबांनी मला ठेवून घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात गुजरातेत पाठवलं. तिथे घरून पत्र आलं, की सरांची इन्स्टिट्यूट बंद झाली. पोरं आता कॉम्प्युटर क्लासला जातात. पुढे सरही गेले. घरापासून दोन दिवसांवर होतो, वेळेत पोचलो नाही.

तो लॅपटॉप मी आठ वर्षं वापरला. सही आणि शिक्का घासून निघाले असते, पण मी ते कधी पुसले नाहीत. मजकूर बदलत राहिला, सहीच्या वरच्या जागेत रोज नवं काही येऊन बसे. अजूनही प्रोग्रॅम देण्याआधी मी तो तीनदा तपासतो. त्या पडद्यावर मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली आधीच सरांची सही झालेली असायची.