आत्यानं पाहिलेलं कॉलेज

आमच्याकडे मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं, तर आत्याला सोबत घेतल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही. बाबांची ही थोरली बहीण अंजनगाव सुर्जीला असते. तिची पद्धत ठरलेली. मुलाकडच्या बैठकीत पोहे येईपर्यंत ती बसते, आणि मग जरा पाय मोकळे करते म्हणून उठून थेट शेजारच्या घरी पाणी मागायला जाते. पाणी पिऊन होईस्तोवर मुलाकडची सगळी माहिती हिच्या पदरात पडलेली असते. जमत आलेली कितीतरी लग्नं तिनं अशी मोडली, आणि मोडली ते बरंच झालं, असं पुढे सगळेच म्हणाले.

बारावी झाल्यावर मला बातमीदार व्हायचं होतं. अमरावतीचं एक कॉलेज मी मनात धरलं होतं, कारण तिथली मुलं दर महिन्याला स्वतःचं भित्तिपत्रक लावतात आणि मोबाइलवर बातम्यांचे व्हिडिओ करतात, असं ऐकलं होतं. बाबांना अकोल्यातलंच कॉलेज हवं होतं, जुन्या शहरातल्या आमच्या घरापासून स्कूटीनं जाता येईल असं. खरं कारण अंतर नव्हतं. माझी जीभ तिखट. ही कोणाविरुद्ध तरी लिहील आणि कॉलेजातून काढून टाकतील, याची त्यांना धास्ती होती. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी बाबा म्हणाले, आत्या दोन्ही कॉलेजं पाहील आणि ती म्हणेल तिथं जायचं. स्थळं नाकारण्यात जिचा हात कोणी धरू शकत नाही, तिच्याच हाती माझं कॉलेज गेलं. मी डोक्याला हात लावून बसले.

अकोल्यात स्वागत झकास झालं. एका सरांनी चहा पाजला आणि गुळगुळीत कागदाचा वार्षिक अंक हातात दिला. आत्यानं तो चाळला. शाल, श्रीफळ, सत्कार आणि पुन्हा सत्कार. मुलांच्या तक्रारी कुठं छापता, असं तिनं विचारलं. सर हसून म्हणाले की आमच्याकडे तक्रारीच नाहीत. आत्या 'असं का' म्हणाली आणि चहा अर्धाच ठेवून उठली. घरात भांड्याला भांडं लागत नाही, असं सांगणाऱ्यांवर तिचा कधीच विश्वास बसत नाही. मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

अमरावतीत ती ऑफिसकडे वळलीच नाही. कॅन्टीनशेजारच्या भिंतीवर ते भित्तिपत्रक होतं. त्यासमोर कमरेवर हात ठेवून ती वाचत राहिली. मधोमध मोठ्या अक्षरांत बातमी होती, की मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, एकीला दार धरून उभं राहावं लागतं. खाली दुसऱ्या शाईत लिहिलं होतं, की कडी बसली. लिहिणाऱ्या मुलीचं नाव होतं. आत्यानं कॅन्टीनवाल्याकडे चौकशी करून त्या मुलीला तासावरून बोलावून घेतलं. मला तर लाजेनं जमिनीत जावंसं वाटलं.

"हे तूच लिवलं ना?" आत्यानं तिला विचारलं. "मंग तुले काढलं काहून नाही?"

ती मुलगी मोकळेपणानं हसली. प्राचार्यांनी बोलावून भरपूर झापलं, म्हणाली. पण मग आठवड्याच्या आत सुतार आला. त्यावर भित्तिपत्रक पाहणाऱ्या सरांनी तिला बजावलं, की कडी नाही म्हणून लिहिलंस, तर आता आहे म्हणूनही लिही.

आत्या थेट मुलींच्या संडासात शिरली. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा, मग पुन्हा लागल्याचा. आम्ही दोघी बाहेर हसू दाबत उभ्या होतो. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि तिथूनच बाबांना फोन लावला. ती नेहमी स्पीकरवरच बोलते, त्यामुळे सगळं कॅन्टीन ऐकत होतं.

"आयक," ती म्हणाली, "इथं पोट्टी खरं लिवते त तिले घरी नाही धाडत. कडी बसवतेत."

बाबांनी हॉस्टेलचं विचारलं, मेसचं विचारलं, रस्त्यावरच्या दिव्यांचंही विचारलं. यातलं एकही न पाहता आत्यानं सगळं उत्तम असल्याचं ठोकून दिलं. शेवटी ते माझ्याशी बोलले.

"जाय. पण जे लिवशीन ते पयले मले धाडत जाजो. मी पाहीन, मंग लावजो."

मी हो म्हणणारच होते. काहीही करून मला तिथं राहायचं होतं. पण आत्यानं फोन स्वतःच्या तोंडाकडे ओढला.

"तुले पयले काहून? भिंतीवर लागलं की सगळ्यायसंगं येऊन वाचजो."

मग बाबा हसले. महिनाभरात ते हसू मी ऐकलं नव्हतं. बरं, म्हणाले, येतो वाचायला. आणि जिला कधी शब्द कमी पडत नाहीत अशी मी, आत्याच्या गळ्यात पडून नुसती रडत राहिले.