आबांच्या जन्मघराची पाटी

माझ्या आजोबांचा जन्म मी एका परक्या माणसाच्या घरात लावून दिला, आणि तोही संगमरवरावर कोरून.

त्याचं झालं असं. आमची गयाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. पंचाऐंशीची म्हातारी. दिवाळीनंतर तिची लेक तिला पुण्याला नेणार होती. मग परत हिंगोलीला येणं कुठलं! आत्या म्हणाली, "माझा बाप जन्मला त्या उंबऱ्यावर एकदा डोकं टेकवू दे रे लेकरा. मग न्या कुठं न्यायचं ते."

मी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला.

"पण ऐक तर," आत्या म्हणाली, "आबाचा जन्म..."

"आत्या, इतिहास माझा विषय आहे. तू फक्त आराम कर!"

(तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय हो मी!) 'इतिहास माझा विषय आहे' हे वाक्य पुढच्या पंधरा दिवसांत मी तिला तीनदा ऐकवलं.

आबांचा निजामाच्या काळातला शाळेचा उर्दू दाखला मी एका जाणत्याकडून वाचून घेतला. जन्मठिकाण: चुनाभट्टी गल्ली, हिंगोली. झालं! निघालो गल्ली शोधायला. नगरपालिकेतला बाबू म्हणाला, "सर, तिचं समता मार्ग झालं ना." पण समता मार्ग कुठं आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइलच्या नकाशात त्याच रस्त्याचं नाव प्रगती रोड, हे मागाहून कळलं! शेवटी दमून एका पानटपरीवर टेकलो.

"समता मार्ग? ऐकला न्हाई बा. आमी हिला गिरणीची गल्ली म्हणतो."

"मग गिरणी कुठंय?"

"गिरणी बंद पडून लई वर्षं झाली की."

"अन् चुनाभट्टी गल्ली?"

"चुनाभट्टी व्हय? मग आधी काहून न्हाई सांगितलं! तिच्यातच तर उभे हायत तुमी!"

गल्ली सापडल्यावर घर काय, चुटकीसरशी! आबांच्या घरापुढं कडुलिंब होता, असं लहानपणी ऐकलेलं. गल्लीत कडुलिंब एकच, आणि त्याच्यामागं हळदीचे व्यापारी दत्तराव यांचं दुमजली घर. (झाडाचं वय मी विचारलं नाही. पुराव्याला उगाच त्रास देऊ नये!) लगेच पाटी करायला टाकली: 'या वास्तूत आबांचा जन्म झाला. समता मार्ग, जुनी चुनाभट्टी गल्ली, हिंगोली.'

"अहो, त्या घरच्यांना तरी विचारलं का?" माझी बायको शोभा म्हणाली.

"जन्माला कोणी परवानगी घेतं का?" मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी, शोभा, आत्या, हार, नारळ आणि कापडात गुंडाळलेली पाटी असे सगळे रिक्षातून उतरलो. दत्तरावांनी दार उघडलं. मी भारावून म्हणालो, "हे घर मूळचं आमच्या आजोबांचं!"

दत्तरावांचा चेहराच उतरला. "म्हणजे? हिस्सा मागून राहिले का तुमी?"

"छे हो! आमचा फक्त भावनिक हक्क..."

"हक्क!" दत्तराव ओरडले. "अगं, कपाटातली फाइल आण! अन् वकिलाला फोन लाव!"

त्यांची समजूत पटावी म्हणून मी घाईघाईनं पाटी उघडून दाखवली. आगीत तेलच! पाहुणे नाव कोरूनच आलेत म्हटल्यावर दत्तरावांच्या आईनं आतून गळाच काढला. गल्ली गोळा झाली. "हेच ते! चार दिवसांपासून चकरा मारून राहिले," अशी साक्ष देऊन टपरीवाला मोकळा झाला. कोणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. शोभानं माझ्याकडं असं काही पाहिलं की मला पोलीस बरे वाटले.

तेवढ्यात आत्यानं काठी आपटली. "अरे, कुणाचं घर हाय हे?"

"आत्या, आबांचं जन्मघर!"

"इथं? इथं काहून जन्मंल माझा बाप? आबा पहिलं लेकरू. पहिलं बाळंतपण माहेरी होतंय का सासरी? माझ्या आजीचं माहेर आखाडा बाळापूर! तिथं जन्मला आबा. तीनदा सांगाया लागले, तर म्हणतो, इतिहास माझा विषय हाय!"

"पण दाखल्यावर..."

"मास्तरानं राहता पत्ता लिहून टाकला असंल!"

मी पाटी पुन्हा कापडात गुंडाळायला घेतली. कारण तीस वर्षं शाळेत नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराचं जन्मठिकाण मीसुद्धा तसंच ठोकून देत आलो होतो. बाळंतपणाचं कोण विचारत बसतं!

"बाळापूर!" दत्तरावांनी मला मिठीच मारली. "अहो, मग आधी सांगायचं ना! या, बसा, पोहे खा!" पोहे झाले, चहा झाला, दत्तरावांच्या आईनं डोळे पुसून आत्याची ओटी भरली. "अन् बाळापूरला माझी जीप घेऊन जा," दत्तराव म्हणाले. "आत्ताच निघा!" (निघा या शब्दावर जरा जास्तच जोर होता.)

बाळापुरात आत्यानं एकही पाटी न वाचता ड्रायव्हरला थेट दारात नेलं. घर नवं बांधलेलं. पण आबांच्या मामाच्या पणतूनं जुना दगडी उंबरा टाकून दिला नव्हता, दारापुढं पायरी म्हणून बसवला होता. आत्या त्याच्यावर डोकं टेकवून पुटपुटली, "आबा, आले मी." कितीतरी वेळ ती उठलीच नाही. उठली तेव्हा पोरीसारखी हसत होती. मला रडू आलं. माझ्या शहाणपणापायी म्हातारी या उंबऱ्याला मुकली असती! सुटलो एकदाचा.

मग मी हळूच पाटी काढली. पण वर हिंगोलीचा पत्ता, तोही दोन-दोन नावांनी!

"राहू द्या," शोभा म्हणाली. "तुमच्या जन्मघराला लावू."

"चालेल की! मी तर अस्सल हिंगोलीचा..."

"तू?" आत्या म्हणाली. "तू कुरुंद्याचा. तुझ्या आईला सातव्या महिन्यात माहेरी मीच तर सोडून आले व्हते."

पाटी सध्या आमच्या मोरीत पालथी घातली आहे. शोभा तिच्यावर कपडे धुते, आणि निवृत्त इतिहास शिक्षक, जन्मठिकाण कुरुंदा, शेजारी उभे राहून बादली भरून देतात.