भरडीतलं विष

सेलू तालुक्यातल्या त्या म्हशी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई धापा टाकत आत आली.

"साहेब, दिरानं माज्या म्हशींला इख घातलं. दोन मेल्या, तिसरी उठंना."

दिराशी तिचा बांधावरून वाद होता. त्याला बोलावून घेतलं. खोटा आळ आला की माणूस बहुधा चिडतो. हा मात्र घाबरलेला होता. "तिनं आणली तीच ज्वारीची भरड मी बी आणली, साहेब. माजा बैल बी तोंड लावंना झालाय."

पंचनामा करून भरडीचे आणि मेलेल्या म्हशींच्या व्हिसेऱ्याचे, म्हणजे पोटातल्या अवयवांचे, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला: कोणी विष घातलेलं नाही. भरडीतच बुरशीचं विष आहे, तेही पशुखाद्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. अन्न सुरक्षा अधिकारी म्हणाले, "माणसाच्या धान्याला तर मर्यादा याहून कडक असते." ते ऐकून मला पहिला प्रश्न पडला: त्या ज्वारीतलं बाकीचं धान्य कुठे गेलं?

भरड विकणारा व्यापारी देवगाव फाट्याचा. ठाण्यात तो निवांत बसला. "पावसात भिजलेली ज्वारी, साहेब. माणसाला चालत न्हाई म्हणून जनावराला दिली."

"सगळी?"

"सगळी."

मी सहज विचारलं, "तुमच्या घरी कुठली ज्वारी खाता?"

"घरी जुनी हाय. बायकोला बजावलंय, गोदामातलं पीठ आणू नको म्हणून."

"पीठ? जनावरांसाठी पीठ कोण दळतं?"

आपण काय बोलून गेलो, ते त्याला कळलं. मग सगळं बाहेर आलं. फार काळी पडलेली ज्वारी भरडीला गेली होती. उरलेली पॉलिश करून, दळून परभणीच्या एका मुलींच्या वसतिगृहाला दिली होती.

वसतिगृहाचा फोन कोणी उचलेना. जीप काढली. पोचलो तेव्हा मुली ताटं घेऊन बसल्या होत्या. मी दारातूनच ओरडलो, "भाकरीला हात लावू नका!" वर्दी बघून मुली जागीच थिजल्या. अधीक्षिका रडवेल्या झाल्या. "पोरींची पोटं दुखायलीत, साहेब. आमाला वाटलं, पाणी बाधलं."

मुलींना दवाखान्यात हलवलं. सगळ्या बऱ्या झाल्या. व्यापाऱ्यावर दोषारोपपत्र दाखल झालं. पण काही पीठ बाजारात सुटं विकलं गेलं होतं. आम्ही भोंग्यावरून गावोगाव सांगितलं, तरी फारच थोडं परत आलं. बाकीचं कोणी खाल्लं, हे मला कधीच कळलं नाही.

नोकरीत मी खुनी पाहिले. त्यांच्या मनात कोणावर तरी राग असायचा आणि त्या रागाचा माग काढता यायचा. या माणसाचं कोणाशीच वैर नव्हतं, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. मर्यादा कशासाठी असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती त्याने फक्त आपल्या घरापुरती पाळली.