दोन गाड्या आणि आईची झोप

आप्पा गेल्यावर आई आमच्याकडं कोल्हापुरात राहायला आली, पण तिची झोप काही तिच्याबरोबर आली नाही. दिवसा ती बरी असायची. भाजी निवडायची, गॅलरीत बसून रंकाळ्याकडं बघायची, शेजारणीशी चार शब्द बोलायची. अंथरुणाला पाठ टेकली की मात्र डोळे टक्क उघडे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यानं सकाळी डोकं जड होतं म्हणून तिनं त्या घेणंच सोडलं.

तेव्हा माझ्याकडं एक छोटी गाडी होती. तिची कंपनी काही फार नावाजलेली नव्हती. स्वस्तात मिळत होती, मला कॉलेजात शिकवायला जायला-यायला पुरेशी होती, म्हणून घेतली. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, ती पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. आक्का इचलकरंजीत असते. दाजींचे यंत्रमाग आहेत, घराला लागूनच शेड. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून ऐकून तिला आवाजाचा इतका वीट आला होता, की त्यांनी मोठ्या, नामांकित कंपनीची गाडी घेतली ती केवळ आत बसल्यावर बाहेरचं काही ऐकू येत नाही म्हणून.

माझी गाडी बघायला आली तेव्हा आक्कानं बॉनेटवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाली, "बिस्किटाचा डबा हाय की गं ह्यो."

मी म्हणाले, "चालतीय ना पण."

"चालंल की. डबा बी घरंगळत चालतोय."

तिचं अगदीच खोटं नव्हतं. माझ्या गाडीचं दार लावलं की पत्र्याचा आवाज यायचा, तिच्या गाडीचं दार लावलं की देवघराचं जाड दार हळूच मिटल्यासारखं वाटायचं. माझ्या डॅशबोर्डात कुठंतरी काहीतरी सतत किणकिणत असायचं. मागच्या काचेचं बटण एका उन्हाळ्यात कायमचं बंद पडलं. सर्व्हिस सेंटर एकच, तेही हायवेला, आणि तिथं एखादा पार्ट मागितला की पुण्याहून मागवावा लागेल हे उत्तर ठरलेलं. आक्काच्या गाडीचं तसं नव्हतं. तिच्या कंपनीची सर्व्हिस इचलकरंजीतही होती आणि कोल्हापुरातही. पण एकदा धुण्यात तिची रिमोटची किल्ली भिजली आणि तिची ती भारी गाडी दारातच दगडासारखी उभी राहिली. दार उघडेना, हॉर्न वाजेना. दाजी गाडीभोवती फेऱ्या मारत होते. त्या दिवशी आक्कानंच फोनवर सांगितलं, "तुझ्या डब्याला निदान साधी किल्ली तरी हाय."

असं आमचं चालायचं. भेटलो की गाड्यांवरून दोन वाक्यं व्हायचीच.

एक दिवस दुपारचं जेवण करून मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन निघाले. गंगावेशीतून पुढं आलो, रस्ता खोदलेला होता, गाडी हेलकावे खात होती. मी काहीतरी बोलत होते आणि उत्तर येईना, म्हणून आरशात पाहिलं. आई मागच्या सीटवर झोपली होती. मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. इतक्या महिन्यांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. मी डॉक्टरांकडं गेलेच नाही. फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आणि तशीच फुलेवाडीकडं वळले. मग पुढं उसामधल्या रस्त्यानं जात राहिले. दोन्ही बाजूंना उंच ऊस, मध्ये काळी पट्टी, डॅशबोर्डातली ती किणकिण आणि मागं आईचा संथ श्वास. कुठं जायचं नव्हतं. मला वाटत होतं, रस्ता संपूच नये.

त्यानंतर कॉलेज लवकर सुटलं की मी आईला गाडीत बसवायची. ती विचारायची, "कुठं जायचं?" मी म्हणायची, "असंच." कधी रंकाळ्याला चक्कर, कधी कळंब्यापर्यंत, कधी नुसतीच पंचगंगेच्या पुलावरून पलीकडं आणि परत. घाटापाशी पोचायच्या आत तिचे डोळे मिटलेले असायचे. नदीवर ऊन पसरलेलं असायचं, म्हशी पाण्यात बुडालेल्या, आणि मी जणू स्वतःच झोपेत असल्यासारखी त्यांच्याकडं बघत गाडी चालवत राहायची.

आक्काला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग माझ्या गाडीत तर आणखी गाढ झोपंल. मी येतो रविवारी." आमच्याकडच्या बायका बोलताना येतो, जातोच म्हणतात, येते म्हणणारी बाई पुण्याची समजावी.

ती रविवारी आली. आईला मऊ सीटवर बसवलं, एसी हलका लावला, मागं उशी दिली. आम्ही थेट जोतिबाच्या फाट्यापर्यंत गेलो. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी जात होती. आई ताठ बसून होती, डोळे उघडे. अध्येमध्ये ती सीटच्या कडेला हात लावून बघायची. परत आल्यावर आक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "जेवण उशिरा झालं आज, म्हणून झोप लागली न्हाय." मी मान हलवली. पुढच्या रविवारीही तसंच झालं.

मग थंडीत आईनं मलकापूरला जायचं काढलं. तिचं माहेर तिकडचं. भाऊ कुणी उरले नव्हते, पण शाळेतली एक मैत्रीण अजून तिथंच राहत होती, तिला भेटायचं होतं. आक्का म्हणाली माझ्या गाडीतनं जाऊ, लांबचा पल्ला आहे. मी म्हणाले आईला वाटेत झोप मिळू दे. शेवटी दोन्ही गाड्या निघाल्या. आई माझ्या गाडीत, आक्का मागून एकटी.

सकाळी पुलावर दाट धुकं होतं. केर्लीपर्यंत रस्ता दिसतो न दिसतो असा. कुठंतरी गुऱ्हाळ चालू असावं, गुळाचा वास गाडीत भरून राहिला. आई केव्हाच झोपली होती. वाघबिळाचा चढ लागला, ऊन वर आलं, धुकं खाली दरीत साठून राहिलं, आणि अर्ध्या चढावर माझ्या गाडीचा उष्णतेचा काटा लाल रेषेकडं सरकायला लागला. मी पुढच्या एका चहाच्या हॉटेलापाशी गाडी बाजूला घेतली. बॉनेटमधून वाफ येत होती.

आक्का मागून येऊन थांबली. उतरली, वाफेकडं पाहिलं. आता ती डब्याचं काहीतरी बोलणार असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "आई?"

"झोपलीय."

"उठवू नको मग."

आम्ही दोघी हॉटेलाच्या बाकावर बसलो. हॉटेलवाल्यानं ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला आणि म्हणाला, "पावणं, चहा घ्या, त्यो येतोय." मेकॅनिक आला, बघितलं. रेडिएटरचा पाइप फाटला होता. नवा पाइप आणायला त्याला कोल्हापुरात जावं लागणार होतं, संध्याकाळी गाडी तयार ठेवतो म्हणाला. आक्कानं त्याला विचारलं, "ह्या गाडीचं असं हुतंच काय?" तो म्हणाला, "पाइप कुठल्याबी गाडीचा फाटतोय, ताई. हिचा जरा लवकर फाटला."

शेजारून उसाच्या ट्रॅक्टरांचा खडखडाट चालू होता, तो थांबला तशी आई आपोआप उठली. गाडी बंद आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग आम्ही तिघी आक्काच्या गाडीत बसलो.

बांबवड्यापर्यंत आलो. काचा बंद, बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यांचा आवाजही येत नव्हता, मुक्यासारखे चालले होते. मग आई मागून म्हणाली, "हिच्यात मला कोण चालवतंय का न्हाय त्येच कळत न्हाय."

आक्कानं आरशात पाहिलं. "म्हणजे गं?"

"आवाज न्हाय, हादरा न्हाय. मग डोळं मिटायचं कुणाच्या भरवशावर?" आई खिडकीतून बाहेर बघत होती. "तुझं आप्पा टेंपो घिऊन बाजाराला निघायचं तवा मी शेजारी बसायचो. तू मांडीवर असायचीस. मागं कांद्याची, वांग्याची पोती. त्यो टेंपो असा वाजायचा, सगळा खिळखिळा. आणि मी झोपायचो. वाजतोय तोवर हे चालवत्यात, एवढं ठावं असायचं. वाजायचा थांबला की जाग यायची. मग हे म्हणायचं, उठ, बाजार आला."

आक्कानं गाडीचा वेग कमी केला. मी बाहेर बघत राहिले. आप्पांचा टेंपो मला आठवत नव्हता, माझ्या जन्माच्या आधीच तो विकला होता. पण त्या क्षणी मला तो दिसत होता, पहाटेच्या रस्त्यावर, समोरचा दिवा मंद, आणि आत एक तरुण बाई झोपलेली.

मग आई बोलतच राहिली, थेट मलकापूरपर्यंत. टेंपोचं, बाजाराचं, पहिल्यांदा उसाच्या फडात साप पाहिला त्याचं, आप्पा वाटेत कुठल्या हॉटेलात कांदाभजी घ्यायचे त्याचं. माझ्या गाडीत ती झोपायची, म्हणून यातलं काहीच मी कधी ऐकलं नव्हतं. त्या बंद काचांच्या आत तिचा हळू आवाजही स्वच्छ ऐकू येत होता.

मैत्रिणीच्या घरी मुलं-सुना-नातवंडं, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. शेवटी आईच म्हणाली, "चल, आमच्या गाडीत बसू या." आक्कानं गाडी सावलीत लावली, दोघींना मागच्या सीटवर बसवलं आणि दार मिटलं. आम्ही बहिणी समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. काचेपलीकडं दोघींचे हात हलताना दिसत होते. मध्येच मैत्रिणीनं पदर डोळ्यांना लावला, मग दोघी हसल्या. ऐकू काहीच येत नव्हतं. दुपार पिवळी होत गेली तरी त्या बाहेर येईनात आणि आम्हीही उठवलं नाही.

परत येताना वाघबिळाला माझी गाडी तयार होती. मी आईला विचारलं, कुणाच्या गाडीत बसतीस? ती क्षणभर दोन्ही गाड्यांकडं बघत राहिली. मग आक्काला म्हणाली, "तू मागनं ये," आणि माझ्या गाडीत चढली. मी उष्णतेचा काटा डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण तो जागचा हलला नाही. खाली कोल्हापूरचे दिवे लागत होते. आई केर्ली यायच्या आत झोपली.

त्या वर्षानंतर हळूहळू तिला घरीही झोप लागायला लागली, का ते तिला सांगता आलं नाही आणि डॉक्टरांनाही. माझ्या गाडीचं सर्व्हिस सेंटर बंद झालं तेव्हा मी ती बदलून मोठ्या कंपनीची घेतली. आक्का बरोबर आली होती. शोरूममध्ये तिनं एकेका गाडीचं दार उघडून मिटून पाहिलं आणि जिचं दार सगळ्यात कमी वाजलं ती मला घ्यायला लावली. आई आता त्या गाडीत पुढं माझ्या शेजारी बसते, आणि गाडी फाटकाबाहेर पडली की बोलायला लागते.