लटारूभाऊची पापणी

लटारूभाऊची पापणी कधी पडत नाही, हे वडस्यापासून सिंदेवाहीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. झाडीपट्टीच्या नाटकांतले ते व्हिलन. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत ते डोळे वटारून स्टेजवर उभे राहिले, की पुढं बसलेली लेकरं आईच्या पदरात तोंड खुपसतात. लाईट थेट तोंडावर असो, डोळ्यात चिलट जावो, पापणी लवणार नाही म्हणजे नाही. आता नाटकावर पोट भरते का बाप्पा? पोट राईस मिलचं. पण हिवाळा आला की हा गडी नोकरीला लाथ मारून नाटकात, अन् सीझन संपला की दुसऱ्याच मिलच्या दारात हजर. प्रत्येक मिलच्या मुनीमानं त्यांचा पीएफचा नवा नंबर काढला.

असे तीन-चार नंबर जमले. पैसे काढायला लटारूभाऊ काही कमी फिरले नाहीत. पण तेव्हा जुन्या मालकाची सही लागायची, अन् ऐन धानाच्या गर्दीत काम टाकून पळालेल्याला मालक सही देईल? चहासुद्धा विचारणार नाही! शेवटी लटारूभाऊंनी नाद सोडला अन् पैसा जागच्या जागी राहिला. आता मोबाईलवर बोट फिरवलं की पैसा येतो. मिलमधल्या पोरांनी त्यात गाड्या घेतल्या, अन् त्या विकूनही झाल्या. लटारूभाऊंची म्हातारपणाची सोय त्या खडूस मालकांमुळं वाचली, अन् हे अजून त्यांनाच शिव्या घालतात. घाला, घाला!

यंदा लटारूभाऊंना अठ्ठावन्न पूर्ण होणार. दहा वर्षं नोकरी भरली तर जन्मभर पेन्शन लागते, असं त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, कुठूनसं ऐकलं. एकाच मिलची वर्षं धरली तर दहा भरत नव्हती, सगळे नंबर एकात जोडले तर भरत होती. तिनं नवऱ्याला उठवलं अन् सेवा केंद्रात ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्या पुनमच्या टेबलासमोर आणून बसवलं.

"भाऊ, आता कोणाची सही नाई लागत," पुनम म्हणाली. "मोबाईलले तुमचा चेहरा दाखवला की झालं."

चेहरा! हे तिनं बोलायला नको होतं. कॅमेरा दिसला अन् लटारूभाऊंची छाती पुढं आली, भुवया चढल्या, डोळे वटारले गेले.

"भाऊ, डोळे मिचकवा."

लटारूभाऊ चपापले. "पोरी, काय बोलून राह्यली तू? लेकीसारखी आहे माह्या. बायकोच्या समोर डोळा मारू काय तुले?"

"मले नाई भाऊ, मोबाईलले! उघडझाप करा. समोर जित्ता माणूस आहे का फोटो, ते पाहते तो."

"मी जित्ता आहो ना! दिसत नाई काय त्याले?"

तीनदा झालं, चारदा झालं. मनातून ते मिचकवत होते, पण कॅमेरा समोर आला की डोळे दगडाचे. मागची रांग खुसुखुसु हसायला लागली.

"घरी काम सांगतलं की बरे मिटतात डोळे," रुखमाबाईनं टोला हाणला.

लटारूभाऊ ताडकन उठले. "नाई पाहिजे मले पेन्शन. माह्यासाठी स्टेज आहे!"

रुखमाबाई टेबलावरचे कागद गोळा करून पिशवीत भरायला लागली.

पुनमनं मोबाईल खाली ठेवला. "भाऊ, तुमाले नसन पाहिजे. पण तुमच्या मागं त्यातली निम्मी बायकोले लागते."

"माह्या मागं म्हणजे... मी मेल्यावर?"

"हो."

"दर महिन्याले? जगेपर्यंत?"

"हो ना भाऊ."

लटारूभाऊ हळूच खाली बसले. त्यांनी बायकोकडं पाहिलं. आपण थंडीभर स्टेजवर राजे होऊन गरजत होतो, तेव्हा ही लोकांच्या वावरात धान कापत होती. घरची चूल तिनं पेटती ठेवली अन् एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या मागं हिचं काय, हे आपल्या डोक्यात कधी आलंच नाही! त्यांना लाज वाटली, अन् तिच्याबद्दल माया दाटून आली.

"घे वो पुनम," ते म्हणाले. "धर मोबाईल."

पुनमनं मोबाईल धरला. लटारूभाऊंनी सवयीनं डोळे वटारले. पण या खेपेला ते भरून आले, समोरचं काही दिसेना, अन् पापणी पडली. एकदा पडली, दोनदा पडली. मोबाईलवर हिरवी खूण उमटली.

"झालं भाऊ! आता जोडते सगळे नंबर."

"अव माय! पडली!" रुखमाबाई ओरडली.

"हळू बोल वो," लटारूभाऊ गाल पुसत म्हणाले. "नाटक मंडळात कोणाले सांगजो नको. मंग कोण भेईन मले?"

"मी कधी भेली होती?" रुखमाबाई म्हणाली, अन् पदराचं टोक त्यांच्यापुढं केलं.