बोर्दोत ठरणार होता टीम लीड

डेक्लनच्या स्लाइडवर द्राक्षांचा मळा होता. उन्हात चमकणाऱ्या वेलींच्या रांगा, मागे दगडी गढी, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याच्या टीमचं नाव.

"ऑक्टोबरचा बँक हॉलिडे वीकेंड," तो म्हणाला. "बोर्दो. तीन दिवस, दोन शातो, एक टीम."

शातो म्हणजे मुळात गढी. पण वाइनच्या धंद्यात मळ्यातल्या कुठल्याही घराला, शेजारच्या गोठ्यासकट, शातो म्हणायची पद्धत आहे.

हा २०२१चा सप्टेंबर. ऑफिस नुकतंच अर्धंमुर्धं उघडलं होतं. दीड वर्ष सगळे आपापल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करत होते आणि डेक्लनच्या मते त्यांना आता एकमेकांच्या जवळ आणायला हवं होतं. डब्लिनच्या बॉल्सब्रिजमध्ये आमचं ऑफिस आहे. तिथे बोलावलं असतं तरी जवळ आले असते. पण त्याची स्लाइड चांगली दिसली नसती.

"फ्रान्स म्हणजे काय, बॉर्डरच्या पलीकडेच," तो पुढे म्हणाला. "आपण युरोपात राहतो. बॉर्डर आता फक्त मनात उरली आहे."

आयर्लंडला जमिनीवर एकच बॉर्डर आहे. ती उत्तरेकडे आहे आणि तिच्या पलीकडे बटाटे होतात.

"आणि हो, नवा टीम लीड मी तिथेच ठरवणार आहे. इंटरव्ह्यूमध्ये माणूस पाठ केलेलं बोलतो. जेवणाच्या टेबलावर खरा कळतो. सगळे येताय ना?"

चॅटमध्ये अंगठे उगवायला लागले. बारा माणसांची टीम, बारा अंगठे. त्यातले सात अंगठे भारतीय पासपोर्टवाल्यांचे होते आणि त्या सातांतल्या एकाकडेही फ्रान्सचा व्हिसा नव्हता. मला हे माहीत होतं, कारण हे माहीत असण्याचाच मला पगार मिळत होता.

माझ्या कामाला ग्लोबल मोबिलिटी असं भारदस्त नाव आहे. परदेशातला माणूस कंपनीत आणायचा, त्याचं परमिट काढायचं, त्याचं रहिवासी कार्ड वेळच्या वेळी नवं होतंय ना ते बघायचं, आणि त्याला कुठे पाठवायचं असेल तर तो तिथून परत येऊ शकेल याची खात्री करायची. शेवटचं काम लोक विसरतात. जायचं कसं हे सगळे विचारतात.

आता वाचकांसाठी थोडा भूगोल. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. शेंगेन म्हणजे युरोपातल्या ज्या देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकली आहे, त्यांचा गट. फ्रान्स त्यात आहे. त्यामुळे डब्लिनमध्ये कितीही वर्षं राहून, कितीही कर भरून, भारतीय पासपोर्टवाल्याला फ्रान्सला जायला व्हिसा लागतोच. दारापर्यंत विमान जातं, दार उघडत नाही. आयरिश माणसाला याचा पत्ता नसतो, कारण त्याच्यासाठी ते दार कधी बंदच नव्हतं.

मीटिंग संपली आणि माझ्याकडे वर्दळ सुरू झाली. पहिला लिफ्टमध्ये भेटला.

"ताई, डेक्लनला व्हिसाचं सांगाल का?"

"तूच सांग की. आत्ता अंगठा दाखवलास ना?"

"तो सगळ्यांनी दाखवला म्हणून दाखवला. सांगा तुम्ही. फक्त माझं नाव नको."

दुसऱ्याने मेसेज केला, तिसरी कॉफी मशीनपाशी आली. सगळ्यांचं म्हणणं एकच, आणि शेवटचं वाक्य तर शब्दशः तेच: माझं नाव नको. का, तर वाईट दिसतं. विम्याच्या क्लेम्सचं सॉफ्टवेअर लिहिणारी ही हुशार मंडळी. क्लायंटला तोंडावर "तुमचं डिझाइनच चुकलंय" सांगतात. पण बॉसला "मला व्हिसा लागतो" सांगायचं म्हटलं की माझ्याकडे धाव. आपल्याकडे बॉसला दिलेला होकार हे उत्तर नसतं, ती पोच असते. प्रश्न मिळाला, एवढंच. डेक्लनसारखा माणूस मात्र ते उत्तर समजून हॉटेल बुक करतो.

तसं त्याने केलंच होतं. मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो टेस्टिंग मेनू निवडत होता.

"डेक्लन, टीममधल्या सात जणांना व्हिसा लागेल."

"कशाला? आपल्या सगळ्यांकडे ते सर्टिफिकेट आहे ना? क्यूआर कोडवालं? त्यावर युरोपचे तारे आहेत."

"ते लस घेतल्याचं आहे."

"मग?"

"त्याने तुझ्यापासून करोनाचा धोका कमी, एवढं कळतं. तू फ्रेंच होत नाहीस."

तो हसला. मग म्हणाला, "बरं, व्हिसा काढ. ग्रँड."

ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे 'होईल काहीतरी, मला त्रास देऊ नकोस'.

मी कामाला लागले. त्या दिवसांत व्हिसा सेंटरची अपॉइंटमेंट मिळवणं हाच एक फुलटाइम उद्योग होता. सात जणांच्या फायली उघडल्या आणि सातवीवर अडले. ती अश्विनीची होती.

अश्विनी मूळची नागपूरची. टीममध्ये सहा वर्षं. रिलीज मॅनेजर, म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्लायंटकडे सुरू करायचं तेव्हा सगळ्या तारा जिच्या हातात असतात ती. काही बिघडलं तर फोन तिला जातो. टीम लीडच्या जागेसाठी दोन नावं चर्चेत होती: तिचं आणि मंदारचं. तिचं रहिवासी कार्ड उन्हाळ्यातच संपलं होतं. करोनामुळे आयरिश सरकारने सगळ्यांच्या परवानग्या आपोआप वाढवल्या होत्या, त्यामुळे ती इथे अगदी कायदेशीर राहत होती. पण कार्डावर छापलेली तारीख जुनीच होती. आणि शेंगेन व्हिसाला कार्ड असं लागतं, की प्रवास संपल्यावरही ते तीन महिने चालू असेल. नव्या कार्डासाठी रांग इतकी मोठी होती की नाताळच्या आधी नंबर लागणं कठीण.

मी तिला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी जाऊ शकत नाही."

"बोर्दोला नाही."

"आणि लीड तिथे ठरणार."

"तो तसं म्हणतोय."

"ताई, सहा वर्षं याचे रिलीज काढतेय मी. त्यात मी कशी आहे ते कळलं नाही त्याला? आता मी ग्लास कसा धरते ते बघून कळणार आहे?" मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मी पीतही नाही. बाबांना सांगितलं, प्रमोशनसाठी दारूच्या मळ्यात जायचंय. ते म्हणाले, अगं, ही नोकरी आहे का लग्न?"

"तू डेक्लनला हे सांगितलंस?"

"मी अंगठा दाखवला," ती म्हणाली आणि स्वतःच कपाळावर हात मारला.

मंदारची अडचण नव्हती. तो पुण्याचा, पण आयरिश पासपोर्ट घेऊन बसलेला. माणूस वाईट नाही. लॉकडाउनमध्ये लोकांनी ब्रेड भाजले, याने वाइनचा ऑनलाइन कोर्स केला. तेव्हापासून तो पाण्याचा ग्लाससुद्धा गोल फिरवून मगच पितो. माझ्या डेस्कपाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"मृणालताई, आपल्या लोकांनी जरा बाहेर पडायला हवं हो. बोर्दोचं टेरवार म्हणजे काय चीज आहे!"

टेरवार म्हणजे माती, ऊन, पाऊस, उतार, सगळं मिळून जमिनीचा स्वभाव. आमच्याकडे नाशिकचा बागायतदार याला 'जमीन चांगली आहे' म्हणतो.

"अश्विनीचा व्हिसा होत नाहीये," मी म्हटलं.

"अरेरे." त्याला खरंच वाईट वाटलं, निदान तेवढ्यापुरतं. "पण त्याला आपण काय करणार? प्रोसेस आहे शेवटी. तिला नेक्स्ट टाइम मिळेल की."

मी परत डेक्लनकडे गेले. कार्ड, तारीख, तीन महिने, सगळं सांगितलं.

"पण सरकारने मुदत वाढवली आहे ना? वेबसाइटवर आहे."

"आयर्लंडच्या सरकारने. व्हिसा फ्रान्स देणार आहे."

"बरोबर." त्याने पेन टेबलावर आपटत विचार केला. मग चेहरा उजळला. "एक आयडिया आहे! आपण तिला त्याच बाटल्या घरी पाठवू. चीजसकट. ती टीम्सच्या व्हिडिओ कॉलवरून टेस्टिंगला जॉइन होईल. मी लॅपटॉप टेबलाच्या डोक्याशी ठेवतो. अगदी मानाची जागा."

तो चेष्टा करत नव्हता.

"ती पीत नाही, डेक्लन."

"मग नुसतं चीज."

कित्येक वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले आहे. अशा माणसाशी न्यायाबद्दल बोलायचं नाही. न्यायाबद्दल त्याच्याकडे स्लाइड्स असतात. त्याला रेकॉर्डबद्दल विचारायचं.

मी ऑर्लाला, म्हणजे आमच्या एचआर हेडला, पुढच्या प्लॅनिंग कॉलवर यायला सांगितलं. ती आली, कॅमेरा बंद, म्यूटवर. डेक्लनने पुन्हा शातो दाखवला. यादीत आता त्याच्या मते एकच 'रिमोट पार्टिसिपंट' होती. मी माइक उघडला.

"डेक्लन, माझ्या फाइलसाठी एक विचारायचं आहे. अश्विनी येऊ शकत नाही, कारण तिचा पासपोर्ट भारतीय आहे. लीडची निवड बोर्दोत होणार. तर निवडीच्या निकषांत पासपोर्टही आहे, असं लिहू?"

"छे छे, असं कोण म्हणतंय?"

"मग तिची निवड कशी होऊ शकते ते सांग, म्हणजे तसं लिहिते."

"ती कॉलवर असेल ना."

"चीज खाताना."

कोणीतरी फिसकन हसलं. मग ऑर्लाचा माइक उघडला.

"सॉरी, मला नीट कळलं नाही," ती म्हणाली. आयरिश माणूस 'सॉरी' म्हणून सुरुवात करतो तेव्हा आवरून घ्यावं. "डेक्लन, तू टीम लीड एका ट्रिपमध्ये निवडणार आहेस? जिथे अर्ध्या टीमला आपल्या राष्ट्रीयत्वामुळे येता येईल की नाही हे माहीत नाही?"

"अर्ध्या? एकच जण आहे. बाकी सगळे तयार आहेत. अंगठे दाखवले त्यांनी."

"ज्यांच्या हातात आज व्हिसा आहे, किंवा ज्यांना तो लागतच नाही, त्यांनी हात वर करा," मी म्हटलं.

पाच चौकोनांत हात वर झाले. चार आयरिश आणि मंदार. बाकीच्या चौकोनांत लोक आपापल्या कीबोर्डकडे बघत होते. अपॉइंटमेंट मिळाल्या होत्या, व्हिसा एकाचाही आला नव्हता.

"पण मग तुम्ही हो का म्हणालात?" डेक्लनने विचारलं. तो पहिल्यांदाच खरोखर गोंधळला होता.

मला वाटलं, आता ही मंडळी जमिनीत जातील. तेवढ्यात अश्विनीने अनम्यूट केलं.

"डेक्लन, मी हो म्हणायला नको होतं. मी येऊ शकत नाही. चीजसुद्धा नको. मला लीडचा इंटरव्ह्यू हवाय. ऑफिसमध्ये, बाकीच्यांना देशील तसाच."

वाक्यं सरळ होती. सातांतलं आपल्या नावानिशी बोललेलं ते एकमेव माणूस.

ऑर्लाने त्याच कॉलवर सांगितलं की निवड ट्रिपच्या आधी होईल, तीन जणांचं पॅनेल असेल आणि डेक्लन त्यांतला एक असेल. डेक्लन म्हणाला, "ग्रँड." या वेळी त्याचा अर्थ होता, 'ठीक आहे, हरलो'.

इंटरव्ह्यू आमच्याच मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत झाले. मंदारने टीम कल्चरवर सुंदर प्रेझेंटेशन दिलं. अश्विनीने मागच्या वर्षी कुठले रिलीज का बिघडले आणि पुन्हा बिघडू नयेत म्हणून काय बदलायचं ते सांगितलं. पॅनेलने तिला निवडलं नसतं तर मी हे लिहायला बसले नसते. डेक्लनने तिचं अभिनंदन केलं आणि आपल्याला पहिल्यापासून हेच वाटत होतं, असंही सांगितलं.

ट्रिप झाली. चार आयरिश आणि मंदार गेले; बाकीच्या सहांच्या व्हिसा अपॉइंटमेंट ट्रिपनंतरच्याच निघाल्या. परत आल्यावर कळलं की तिन्ही दिवस पाऊस होता, दुसरा शातो दुरुस्तीसाठी बंद होता आणि मंदारने तिथल्या फ्रेंच गाइडला टेरवार समजावून सांगितलं. उरलेले सहा जण मात्र माझ्याकडे परत आले, पुन्हा एकेक करून. ताई, त्या व्हिसाच्या अपॉइंटमेंट आहेत ना, त्या कॅन्सल नका करू, नाताळात फॅमिलीला पॅरिस दाखवायचंय. आणि डेक्लनला नका सांगू.

तेव्हापासून ऑफसाइटचा प्रस्ताव आला की मी तिकिटांच्या आधी एकच गोष्ट विचारते: तिथे नेमकं काय ठरणार आहे? नुसतं जेवायचं असेल तर मी विमान शोधते. कोणाच्या नोकरीचं काही ठरणार असेल तर बिनखिडकीची खोली बुक करते. तिथे पोचायला लिफ्ट पुरते.